न पाहणारे हत्यार

खंडेनवमीच्या सकाळी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सबल, पाना-पकड असे सगळे धुऊन-पुसून पाटावर मांडले जाते. हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतही दसऱ्याला यंत्रांच्या गळ्यात हार पडतात. ही सगळी कापणारी, तोडणारी, खोदणारी साधने. त्यांच्यापुढे हात जोडताना कोणाचे मन अडखळत नाही. पण रानडुकरांसाठी धुऱ्यावर सोडायच्या उघड्या तारेचे बंडल कोणाच्या गोठ्यात असेल, तर तो ते या पाटावर मांडणार नाही. कायद्याची भीती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. कुऱ्हाड आणि ती तार यांच्यात काही फरक आहे, हे त्याला आतून कळत असते.

तो फरक कोणता? हत्यार निर्जीव असते, पाप-पुण्य ते धरणाऱ्याचे, असे आपण सहज म्हणतो. तसे असेल तर शिकाऱ्याने सोबत काय घ्यावे हा फक्त सोयीचा आणि खर्चाचा प्रश्न उरतो. पण भारतीय परंपरेतल्या शिकारीच्या कथा, जैन-बौद्ध आचारग्रंथ, वऱ्हाडातल्या फासेपारध्यांची रीत आणि दूर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे कायदे शेजारी ठेवून पाहिले, तर वेगळेच दिसते. हत्यार निवडले जाते त्या क्षणीच निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो.

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागले की नांदगाव पेठ येते. पुढे तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी, मग तिवसा. एका अंगाला कापड उद्योगाची वसाहत आणि औष्णिक वीज केंद्र. त्यांचे कुंपण संपले की कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा. रात्री या शिवारात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरतात आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात. एका रात्रीत हरभऱ्याचे वावर साफ झालेले पाहिलेल्या माणसाला अहिंसेवर प्रवचन देणे ही क्रूरता आहे. म्हणून हा विचार त्याच्या बाजूला उभे राहूनच करायला हवा.

आधी जरा दूर जाऊ. आपल्या सांबराच्या कुळातला पण आकाराने त्याहून मोठा असा एल्क नावाचा हरणवर्गीय प्राणी उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत राहतो. त्याची शिकार तिथे परवान्याने करता येते. कोलोरॅडो राज्यात एल्कवर रायफल चालवायची तर नळीचा व्यास किमान ०.२४ इंच हवा, गोळी किमान ८५ ग्रेनची हवी आणि १०० यार्डांवर तिच्यात ठरावीक जोर शिल्लक असायला हवा. कायदा इथे अधिक मारक हत्याराची सक्ती करतो, कारण हलकी गोळी लागलेला एल्क मरत नाही. तो रक्ताळत दोन डोंगर पलीकडे जाऊन दिवसभर तडफडतो. त्याच राज्यात रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालावा लागतो. हरणांना हा नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हाही तिथे गुन्हा आहे. म्हणून तीनशे किलोंच्या जनावराचे तुकडे पाठीवरून वाहून आणता येतील अशा पिशव्या आणि चौकटी शिकारी निघतानाच सोबत घेतो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी घातली. शिकाऱ्यांनी मागे टाकलेले अवशेष खाऊन काँडॉर गिधाडे शिशाच्या विषाने मरत होती.

या नियमांत दया आहे की केवळ व्यवस्था, यावर वाद होऊ शकतो. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. सामानाची प्रत्येक वस्तू एका प्रश्नाचे उत्तर म्हणून निवडली जाते: जनावर किती वेळात मरेल, चुकून दुसरे कोण मरेल, मेलेल्याचे पुढे काय होईल. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तेव्हापासून तिथल्या शिकाऱ्यांत न्याय्य पाठलागाचा आग्रह धरला जातो. जनावराला निसटण्याची संधी ठेवली नाही तर ती शिकारच नव्हे. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यानेही शिकारीवरच्या आपल्या चिंतनात हेच नेमके हेरले होते. शस्त्रे जसजशी बलवान होत गेली तसतसा शिकारी स्वतःवर बंधने घालत गेला, कारण बंधन नसेल तर उरते ती कत्तल.

आता आपल्याकडच्या कथा पाहू. रामायण-महाभारतात शिकारीतून घडलेली पापे कमी नाहीत, पण ती एकत्र मांडली की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. त्यातली बहुतेक पापे पाहण्याच्या चुकीची आहेत.

दशरथाला आवाजावर बाण मारण्याची विद्या येत होती, तिचा त्याला अभिमान होता. रात्रीच्या अंधारात शरयूच्या काठी घागर भरल्याचा आवाज आला; हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा एकुलता एक आधार मारला. त्याने हत्यार चुकीचे धरले नव्हते, नेमही चुकला नव्हता. चूक त्या विद्येतच होती, कारण ती न पाहता मारण्याची विद्या होती. राम वनात गेल्यावर मृत्युशय्येवर दशरथ कौसल्येला ही हकीकत सांगतो. राज्य, पुत्र, प्राण असे सगळे ज्या शापामुळे गेले, त्याचे मूळ त्याला एका कौशल्याच्या गर्वात सापडते.

पंडूने तर पाहिले होते. हरणाच्या रूपातला किंदम ऋषी आणि त्याची पत्नी समागमात असताना त्याने बाण मारले. महाभारतातला पुढचा संवाद फार महत्त्वाचा आहे. पंडू राजाच्या मृगयेच्या हक्काची बाजू मांडतो. मरणारे हरीण त्याला सांगते की मृग मारलास याला माझा आक्षेप नाही. तू थांबला नाहीस, हा आक्षेप आहे. म्हणजे जनावर दिसले एवढ्याने भागत नाही, त्याची अवस्था दिसायला हवी.

तिसरा जरा नावाचा व्याध. श्रीकृष्णाच्या पायाला त्याने हरीण समजून बाण मारला. भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर एकनाथांनी आपले भागवत रचले, त्यात त्या बाणाच्या टोकाचीही हकीकत येते. यादवांच्या नाशाला कारण झालेल्या मुसळाचा उरलेला लोखंडी तुकडा माशाने गिळला होता. तोच व्याधाने बाणाला बसवला. लोखंड शापित होते आणि डोळा फसला होता. कोलोरॅडोतला तो नारिंगी कपडा नेमक्या याच चुकीसाठी आहे.

या तिन्ही कथांचा सांगावा एकच धरता येतो. मारणाऱ्याने मरणाऱ्याकडे पाहिलेच पाहिजे. कोण आहे, काय करतो आहे, आपला हात आता थांबायला हवा का, हे ज्याला पाहता येत नाही अशा पद्धतीने मारणे हा स्वतंत्र दोष आहे. हत्येच्या दोषाहून तो वेगळा मोजायला हवा.

आता धुऱ्यावरच्या तारेकडे वळू. विजेच्या खांबावर आकडा टाकून २३० व्होल्टचा घरगुती प्रवाह उघड्या तारेत सोडला जातो. हा प्रवाह सलग असतो. स्पर्श झाला की स्नायू आकसतात आणि सुटका होत नाही. तार गुडघ्याच्या उंचीवर, रात्र अंधारी, लावणारा घरी झोपलेला. तारेला रानडुक्कर आणि वाघीण यांतला फरक कळत नाही. पाणी द्यायला निघालेला शेजारी आणि रोही यांतलाही कळत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात श्रीनिवास हा वाघ, प्रसिद्ध ‘जय’चा छावा, अशाच तारेला लागून मेला, त्याचे शव शेतात पुरलेले सापडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात विजेच्या तारेने गेली. तिने माणसे मारली होती, तिला गोळी घालण्याच्या आदेशावर उच्च न्यायालयात वाद चालला होता, वकील बोलले होते, न्यायाधीशांनी ऐकले होते. एका जनावराच्या जिवाचा इतका विचार झाला आणि शेवटी तिला मारले ते कोणताही विचार न करणाऱ्या तारेने.

विदर्भात अशा तारांना लागून माणसेही मरतात. कधी ती तार लावणाऱ्याच्याच घरातली असतात. वीज कायद्याखाली आकडा हा गुन्हा आहे आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते. तरीही गावागावांत याला अपघात म्हणतात. दशरथाच्या बाणालाही मग अपघातच म्हणावे लागेल.

तारेच्या जातीची आणखी दोन साधने आहेत. एक म्हणजे खाद्यात गुंडाळलेला गावठी बॉम्ब, जो डुकराच्या जबड्यात फुटतो आणि गायीच्या किंवा कुत्र्याच्याही जबड्यात फुटतो. दुसरे, मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास, जो पायवाटेवर लावून माणूस निघून जातो. त्यात डुक्कर, सांबर, बिबट्या, जे येईल ते अडकते आणि कधी दिवस-दिवस लटकून मरते.

इथे कोणी म्हणेल, फास तर फासेपारधीही लावत आले. बरोबर, आणि म्हणूनच त्यांची रीत नीट पाहायला हवी. अमरावती, अकोला, वाशिम या पट्ट्यातला हा समाज पिढ्यान्‌पिढ्या तितर, लावे, हरणे पकडत जगला. खुंट्यांना बांधलेल्या फासांची लांब रांग गवतात लावायची, शिकवलेल्या गायीच्या किंवा बैलाच्या आडोशाने हळूहळू पुढे सरकत पाखरे फासाकडे वळवायची, अशी ती कला. घाई नाही, आवाज नाही, आणि फासाशेजारी माणूस हजर. पाखरू फासात येते तेव्हा ते जिवंत असते. म्हणजे पकडणे आणि मारणे यांच्यात एक क्षण मोकळा राहतो, आणि त्या क्षणात सोडून देता येते. गाभण मादी, लहान पिल्लू सोडून देण्याची रीत या समाजात सांगितली जाते. ती रीत पाळता यायची, कारण साधनच तशी मुभा ठेवत होते. क्लच वायरचा फास आणि पारध्याचा फास, दोन्ही फासच. एकाजवळ माणूस आहे, दुसऱ्याजवळ नाही.

पारध्याच्या जगण्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले, आणि ते योग्यच झाले. माळरानावर आता पूर्वीइतकी पाखरे नाहीत. पण ज्यांच्या हातून साधन काढून घेतले त्यांच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न समाजाने टाळला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्याने रुजवलेला संशय गेला नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी आश्रमशाळा उभारली आणि तिचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. तिकडे कारंज्याच्या बाजूला ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचे काम करते. तणमोर कुठे बसेल हे ज्यांना फास लावण्यासाठी कळत होते, त्यांनाच ते राखण्यासाठीही कळते. शिकाऱ्याची नजर ही या प्रदेशाची संपत्ती आहे.

धर्मग्रंथांनी साधनाचा विचार शस्त्र चालवणाऱ्यापाशी थांबवला नाही. जैन श्रावकाच्या आचारात अनर्थदंड टाळायचा असतो आणि त्यातला एक प्रकार हिंसादान. समंतभद्राच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त परशू, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हाच दोष मानला आहे. कारंजा लाड, शिरपूर, मुक्तागिरी अशी जैन ठाणी ज्या वऱ्हाडाच्या आसपास आहेत तिथे हा विचार परका नाही. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात शस्त्रांचा आणि विषाचा व्यापार येतो. आणि मनुस्मृतीने हत्येचा दोष आठ जणांत वाटला: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा. मनुस्मृतीतल्या अनेक गोष्टी टाकून देण्याजोग्याच आहेत, पण हा हिशेब सहज टाकता येत नाही. तो मांसापुरता सांगितलेला असला तरी तुरीच्या डाळीलाही लागू होतो. ज्या वावराभोवती रात्री तार सोडली जाते त्या वावराची डाळ पुण्या-मुंबईच्या शुद्ध शाकाहारी ताटात येते. ते ताट वाटते तितके निर्दोष नाही.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध नेमके हेच कौशिक ब्राह्मणाला ऐकवतो. मिथिलेच्या बाजारात हा मांस विकणारा व्याध बसलेला आहे. तो स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, आणि तेही आपले घोर कर्म आहे हे मान्य करतो. मग तो नांगराकडे बोट दाखवतो. शेती लोक चांगली मानतात, पण नांगराच्या फाळाने जमिनीतले किती जीव मरतात! चालताना पायाखाली किती मरतात! या जगात हिंसेशिवाय जगणारा कोणी नाही. यत्न करणाऱ्याच्या हातून ती कमी घडते, एवढेच. त्याच्या पूर्वजन्मीची कथाही लक्षात ठेवावी. तेव्हा तो ब्राह्मण होता, राजाच्या संगतीने धनुर्विद्या शिकला, आणि शिकारीत त्याचा बाण एका ऋषीला लागला. पुन्हा तीच पाहण्याची चूक.

धर्मव्याधाचे म्हणणे पुष्कळदा सोयीने वापरले जाते. हिंसा अटळच असेल तर कशाला विचार करायचा, असे. पण तो तसे म्हणत नाही. अटळ आहे म्हणून कमी-जास्तीचा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो, असा त्याचा रोख आहे. आणि हा हिशेब साधनांच्या निवडीतच मांडता येतो, कारण पीक वाचवायचे की नाही याला शेतकऱ्याला पर्याय नाही, कशाने वाचवायचे याला मात्र आहे. कुंपणाच्या तारेला जोडायचे झटका मशीन बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर चालते. तारेतला दाब मोठा असतो, पण तो ठोक्याठोक्याने, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता येतो. दोन ठोक्यांमधल्या अवकाशात जनावर मागे सरते. तारेला डोळे इथेही नाहीत, पण चुकीला परतीची वाट आहे. योग्य बनावटीचे यंत्र नीट बसवले तर माणसाचा हात लागूनही तो सहसा वाचतो. धर्माच्या दृष्टीने या दोन तारांमध्ये जे अंतर आहे ते तांत्रिक म्हणून सोडून देणे चूक ठरेल.

याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात सशाची लीळा आहे. शिकारी आणि त्यांचे कुत्रे मागे लागलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो. शिकारी तो मागतात. शरण आलेल्याला देता येत नाही, हे स्वामी त्यांना शांतपणे समजावतात. रानातले गवत खाऊन, ओढ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्याला का मारावे, असे विचारतात. शिकारी ऐकतात, आणि स्वामी त्या सशाला आदराने संबोधून मोकळे सोडतात. या लीळेत शिकाऱ्यांचा धिक्कार नाही, हे विशेष. कुत्रा धावत असताना शिकाऱ्याला ससा म्हणजे पळणारे काहीतरी एवढाच दिसत होता. गुडघ्याखाली थांबलेला ससा त्याने प्रथमच पाहिला.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मोजला पाहिजे. पाहण्याला किंमत पडते. रात्रभर जागलीला मचाणावर बसायचे, थंडीत, सापाच्या वाटेवर, आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्याच पाळीत येते. दशरथाला आवाजावर बाण मारण्याची गरज नव्हती. शेतकऱ्याला झोपेची गरज आहे. उघडी तार म्हणजे थकलेल्या माणसाने विकत घेतलेली झोप आहे. म्हणून तार लावणाऱ्या एकट्यावर दोष ढकलून मोकळे होणे अन्यायाचे आहे. आठ वाटेकऱ्यांपैकी सात जण तेव्हा घरात बसलेले असतात.

त्या सातांनी आपला वाटा उचलायला हवा. राज्याच्या जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणाला मदत मिळते. ती नांदगाव पेठेसारख्या जंगलाबाहेरच्या पण रोह्या-डुकरांनी हैराण झालेल्या शिवारांपर्यंत आली पाहिजे. नुकसानीचा पंचनामा तुरीचे खळे होण्याआधी व्हायला हवा. पंपाची वीज दिवसा हवी. गावांनीही आपल्यापुरते एक करावे: येत्या रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत उघड्या तारेविरुद्ध ठराव घ्यावा आणि गटाने झटका मशीन घ्यावे. आणि शहरात डाळ विकत घेणाऱ्या वाचकाने कुंपणासाठी, पंचनाम्यासाठी, दिवसाच्या विजेसाठी शेतकऱ्याच्या बरोबरीने आवाज उठवावा. तो या व्यवहारातला सहभागी आहे.